दातातला दोरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुनेने वही आणून दिली. म्हणाली, "आई, रोज चार ओळी लिहा, हात वळेल. परीक्षेत लिहायचं आहे." मी म्हटलं, माझा हात चांगला वळलेला आहे, अर्ध्या गल्लीच्या भुवया त्यानेच केल्यात. तर म्हणे, तो हात वेगळा आणि लिहायचा वेगळा. शिकलेल्या सुनेचं हे असं. मला दोनच हात आहेत, तिला चार दिसतात.

तर झालंय असं. सरकारने कायदा काढला. यापुढे पार्लर चालवायचं तर लायसन पाहिजे. लायसन पाहिजे तर वर्गाला बसा, परीक्षा द्या. लेखी वेगळी, कामाची वेगळी. एप्रिल संपायच्या आत लायसन भिंतीवर लागलं नाही तर दाराला सील. कागद घेऊन आलेला माणूस पार टकला होता. मी म्हटलं, केसांचं तुम्हाला काय कळणार? त्याने कागद खुर्चीवर ठेवला आणि चालता झाला. माणसांना हल्ली साधं विचारलेलं सोसत नाही.

पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. एक मोठा आरसा, एक पंखा, दोन खुर्च्या. त्यातली एकच कामाची. दुसरीवर बसलं की ती हळूहळू खाली जाते, आणि भुवई अर्धी होईतो गिऱ्हाईक आरशातून गायब. म्हणून तिच्यावर टॉवेल ठेवतो.

सून लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या हाताखाली आहे. पावडर लावते, कापूस देते, केस झाडते. आयब्रोला मी तिला हात लावू देत नाही. भुवई चुकली की ती बाई महिनाभर आरशात बघून आपल्या नावाने बोटं मोडते. शिवाय सून फार हळू बोलते. हळू बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही. माझं तसं नाही. पोटातलं ओठावर, आणि ओठावर आलं की बाहेर.

चार ओळींपेक्षा जास्त झालं. उद्या लिहिणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नियमाचं पुस्तक आलं. सुनेने वाचून दाखवलं. झाकणाचा डबा पाहिजे, ठीक. प्रत्येकीला धुतलेला टॉवेल, ठीक, तो मी देतेच, मळका दिसला तर. मग म्हणाली, "आई, पुढचं ऐका. दोऱ्याचं कोणतंही टोक तोंडात धरू नये."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती चेष्टा करत नाही, हाच तिचा दोष आहे.

अरे, मग धरायचं कशात? दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोन्ही हातांत, मधे पीळ, आणि पीळ केसांवरून सर्रकन फिरवायचा. माझ्या गुरुबाईंनी असंच शिकवलं, त्यांच्या गुरुबाईंनी त्यांना. माझ्या पुढच्या दाताला दोऱ्याची खाच पडलीय, बोट लावलं तर लागते. ही खाच म्हणजेच माझं लायसन.

"थुंकी लागते दोऱ्याला, आई."

"इतकी वर्षं लागली, कोण मेलं का?"

"मेलं नाही, पण..."

"मग झालं तर!"

ह्यांना सांगायला गेले. हे निवृत्त होऊन घरीच असतात. एका कानाला यंत्र आहे. मी बोलायला बसले की यंत्र काढून खिशात ठेवतात, म्हणे सेल वाचतो. पहिल्यापासून काटकसरी माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "हो, हो, बरोबर आहे तुझं." निदान घरात एकाला तरी पटतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज दातातच धरून काम केलं. वर्ग सुरू होईतो माझे दात माझेच आहेत.

सकाळी मास्तरीणबाई आल्या. मोठ्या शाळेत शिकवतात, पण माझ्या खुर्चीत बसल्या की सगळं भडाभडा सांगतात. त्यांचा मुलगा. त्याला चार ठिकाणी नोकरी लागली, चारही सोडल्या. दर वेळी साहेबच वाईट निघतो बिचाऱ्याला. मी नुसतं "हं... हं" करत होते. उठताना माझा हात धरला. म्हणाल्या, "मावशी, तुमच्यापाशी बोललं की हलकं वाटतं हो."

दुपारी बँकवाली. ती काही खात नाही तरी वजन वाढतं. अर्धा तास काय काय खात नाही ते सांगत होती. तीही जाताना म्हणाली, "तुमच्यासारखं समजून घेणारं कुणी नाही."

मी सुनेला म्हटलं, बघ, काम काय कुणीही करेल. बायका माझ्याकडे येतात त्या माझ्या स्वभावासाठी. समोरच्या काचेच्या दाराच्या पार्लरमधे गार हवा आहे, गाणी आहेत, पण माणूस आहे का ऐकून घेणारं? सून कापूस गोळा करत होती. "हो आई," म्हणाली, आणि माझ्या तोंडातल्या दोऱ्याकडे बघत राहिली. थुंकीचंच डोक्यात बसलंय तिच्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वर्ग सुरू. एका हॉलमधे बाकांवर सगळ्या पार्लरवाल्या. सून सोबत आली आणि मागे बसली. माझ्या शेजारी नेमकी समोरची. तिच्या दुकानाला काचेचं दार लागल्यापासून मी तिचं नाव घेत नाही.

"या ताई, तुम्हीसुद्धा?" म्हणते.

मी म्हटलं, "का, मी काय चोरून धंदा करते?"

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलापेक्षा लहान. टेबलावर प्लॅस्टिकची मुंडकी मांडली होती. एकालाही भुवई नाही. आता आंधळ्याला आरसा काय करायचा? मॅडम म्हणाल्या, त्यांच्यावर फक्त हात बसवायचा. मग त्यांनी नवी पद्धत दाखवली. दोऱ्याचा मोठा फास करायचा, मानेत अडकवायचा, पीळ दोन्ही हातांत, आणि दातांनी जो ताण देतो तो मानेने द्यायचा. मान मागे, मान पुढे. कोंबडी चालते तशी.

मी एक झटका दिला. दोरा मानेला असा काचला की डोळे पांढरे झाले. मॅडम धावत आल्या. "हळू, मावशी, हळू!" मी म्हटलं, लायसन देताय की फाशी?

समोरचीला मात्र पहिल्या फटक्यात जमलं. जमणारच. मान तिची आधीपासूनच ताठ आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आठवडाभर घरी सराव. ह्यांच्या कानांवर केस फार. बाल्कनीत उजेडाला बसवलं. बसायच्या आधी यंत्र काढून ठेवलं, म्हणे केस जातील आत. एक कान छान झाला. दुसऱ्याला कातडी धरली गेली आणि हे असे ओरडले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. दुसरा कान राहिला तो राहिलाच. आता एका बाजूने तरुण दिसतात.

पण हात बसला. मानही बसली. एक लक्षात आलं. तोंड मोकळं राहतं. इतकी वर्षं दोऱ्यापायी तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. गिऱ्हाईक काहीही बोलणार, आणि आपण "हं". आता बोलता येईल. कायद्याने एक गोष्ट तरी बरी केली.

सुनेला हे सांगितलं तर तिच्या हातातली पावडर सांडली. हात ओले असतील.

३ मार्च, सोमवार

नव्या पद्धतीचा पहिला दिवस. मास्तरीणबाई आल्या. भुवया अशा उतरल्या की रेघ मारावी. त्यांनी मुलाचं काढलं. पाचवी नोकरी लागली होती, तीही सुटली. साहेब वाईट.

मी म्हटलं, "पाचही साहेब वाईट कसे असतील हो? साहेब दर वेळी नवा आहे, मुलगा तोच आहे."

एवढंच. वाईट हेतू नाही, साधा हिशेब आहे आणि मास्तरीणबाई गणितच शिकवतात. पण त्यांनी आरशात भुवयांकडे बघितलंसुद्धा नाही. उठून गेल्या, हलकं वाटतं वगैरे काही नाही. त्यांना बरं नसावं. रंग उतरलेला वाटला.

१० मार्च, सोमवार

बँकवालीला म्हटलं, हवा खाऊन फुगतो तो फुगा, माणूस नाही. हसेल असं वाटलं होतं.

मग एक लग्न ठरलेली मुलगी आली. लग्नाचा मेकअप माझ्याकडेच ठरला होता. तिने मोबाईलमधे नवऱ्या मुलाचा फोटो दाखवला. "मावशी, कसा आहे?" विचारलं म्हणून सांगितलं. कपाळ बघ, म्हटलं, तिशीतच टक्कल पडणार. आत्ता सांगितलेलं बरं, नंतर म्हणशील कुणी बोललं नाही. तर मुलगी रडायला लागली! डाव्या भुवईचं अर्धं काम बाकी आणि डोळ्यांतून पाणी. दोरा भिजला. सुनेने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, दारापर्यंत पोचवायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

संध्याकाळी मुलीच्या आईचा फोन. मेकअप समोर ठरवलाय.

मी म्हटलं, ठरवा. खरं ऐकायची ज्यांना सवय नाही त्यांचं लग्न टिकणार कसं?

२० मार्च, गुरुवार

आज कुणी नाही. काल एक आली होती, दारातून डोकावून, "मावशी एकट्याच आहात का?" म्हणाली आणि काम आठवलं म्हणून गेली. पंखा फिरतो, आरशात मी दिसते, बस.

कारण मला कळलंय. लोकांना जुनी पद्धत हवी. दातातल्या दोऱ्याची जी धार, ती मानेतल्याला नाही. सुनेला तसं सांगितलं. ती म्हणाली, "दोऱ्याचं काही नाही, आई. भुवया पूर्वीपेक्षाही छान होतात."

"मग कशाचं आहे?"

तिने तोंड उघडलं. मिटलं.

"बोल की स्पष्ट! मला घुमेपणा आवडत नाही."

"काही नाही, आई."

बघा! उचलली जीभ लावली टाळ्याला असं असावं माणसाने, ही तर उचलतच नाही.

जेवताना हे आपणहून म्हणाले, "पूर्वी दुकानात काय शांतता असायची. किती छान वाटायचं." यांना ऐकू येत नाही, यांना काय, सगळीकडे शांतताच.

लायसन नाही मिळालं तर एप्रिल संपताच सील, आणि लायसन मिळालं तरी गिऱ्हाईक नाही. नाही नाही ते मनात येतं. माझं दुसरं काय आहे? मुलगा परगावी, महिन्यातून एकदा येतो, जेवतो, झोपतो, जातो. ह्यांच्याशी बोलायचं तर खिशाशी बोलावं लागतं. ही पुढची खोली बंद झाली तर मी दिवसभर करू काय?

२२ मार्च, शनिवार

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सून समोरच्या काचेच्या दाराशी उभी. आतून समोरची आली, हिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलली. हिने मान हलवली. मग मास्तरीणबाई आतून बाहेर आल्या, भुवया केलेल्या, आणि सून त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेली, सारखी काहीतरी सांगत होती. जिला घरात एक वाक्य पुरं करता येत नाही ती रस्त्यात एवढं बोलते!

म्हणजे हे असं आहे. घरचं खाऊन दारचं शेण... जाऊ दे. लिहीत नाही. आल्यावर विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, "दुकानात, आई. लिंबाच्या गोळ्या आणायला."

२७ मार्च, गुरुवार

गोळ्या खऱ्याच आणल्या होत्या. काचेच्या बरणीत भरून आरशाखाली ठेवल्यात. या एवढाल्या. गालात धरली तर गाल सुजल्यासारखा दिसतो.

म्हणाली, "आई, परीक्षेत तोंडी प्रश्न विचारतात. घसा साफ हवा."

"माझा घसा आयुष्यात कधी बसला नाही."

"म्हणूनच म्हटलं, आत्तापासून जपायला हवा. काम सुरू करताना एक तोंडात टाकायची. चावायची नाही. काम संपेपर्यंत नुसती धरून ठेवायची. चावली की गुण नाही लागत."

औषधाचं शास्त्र असतं, ते मी मोडत नाही. शिवाय गोळी चवीला बरी आहे.

आज मास्तरीणबाई परत आल्या. ओठांवरची लव काढायची होती. दारात घुटमळत होत्या, सून त्यांना आत घेऊन आली आणि आधी माझ्यापुढे बरणी धरली. मनात म्हटलं, समोरचीने हात दाखवला असणार, म्हणून परत फिरल्या. पुन्हा मुलाचंच. माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण तोंड उघडलं असतं तर गोळी बाईंच्या कपाळावर पडली असती. म्हणून म्हटलं, "हं."

उठताना माझा हात धरला. "बरं वाटलं हो, मावशी."

मी सुनेला म्हटलं, बघ, दोऱ्याची धार आता बसली. ती म्हणाली, "हो आई," आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.

३ एप्रिल, गुरुवार

बँकवाली आली. तिच्या दोन मैत्रिणी आल्या. खोलीत बसायला जागा नव्हती, एक तर त्या खाली जाणाऱ्या खुर्चीवर बसली आणि हसत हसत खाली गेली. गोळ्यांनी दात आंबलेत.

९ एप्रिल, बुधवार

लेखी झाली. मोठी अक्षरं काढली म्हणून कागद पुरला नाही. एक प्रश्न असा, ग्राहकाच्या कातडीवर पुरळ दिसल्यास काय कराल? मी लिहिलं, आधी विचारीन काय फासून आलीस. मग हात लावणार नाही, डॉक्टरकडे पाठवीन. सून म्हणाली, दुसरं वाक्य बरोबर आहे, तेवढ्यावर निभेल.

कामाची परीक्षा पुढच्या मंगळवारी. मॉडेल आपणच आणायची. मॉडेलने गिऱ्हाईकासारखं बोलायचं आणि आपण कसं वागतो त्याचे गुण. मास्तरणीला विचारलं, त्यांना शाळा. बँकवालीला बँक. शेवटी सून म्हणाली, "मी येते." मला ती नको होती. काचेच्या दाराचं अजून डोक्यातून गेलेलं नाही. पण दुसरं कोण आहे?

१५ एप्रिल, मंगळवार

आता सगळं नीट लिहिते, नाहीतर राहून जाईल.

मी गालात गोळी धरून गेले. दारावरची बाई प्रत्येकीला "आ करा" म्हणत होती. तोंडात काही असलं तर आत सोडत नाहीत, दोऱ्यासारखाच नियम. मला म्हणाली, थुंका. मी म्हटलं, घशाची आहे. म्हणाली, थुंका. थुंकले. मागे वळून बघते तर सुनेचा चेहरा पांढराफटक. जसं काही तिलाच थुंकायला लावलं. मी म्हटलं, घाबरू नकोस, घसा साफ आहे माझा. तिला धीर येण्याऐवजी ती खुर्चीचा हात धरून बसली.

समोर परीक्षक, चष्मेवाली, हातात पेन. म्हणाली, "सुरू करा. मॉडेलने बोलायचं आहे."

सुनेने डोळे मिटले. मी दोरा मानेत घातला, पीळ घेतला. उजवी भुवई सुरू केली. ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, माझ्या सासूबाईंचंही पार्लर आहे."

मनात म्हटलं, लबाड! बघा कशी बनते गिऱ्हाईक.

"त्यांचा हात असा आहे की बघत राहावं. मी रोज बघते. बघूनच शिकले. दुपारी त्या झोपल्या की माझ्याच पायावर दोरा चालवून बघते. पण त्या कधी म्हणत नाहीत, ये, धर दोरा."

माझं तोंड उघडलं. आत काही नव्हतं, ना गोळी ना दोरा. उत्तरं मात्र रांगेत उभी. अगं, मग सांगायचं होतंस तोंड उघडून! पण भुवईच्या ऐन टोकाशी होते. मी बोलले असते तर मान हलली असती, मान हलली की दोरा सैल, आणि अर्धी भुवई उडाली असती.

ती बोलतच होती. "समोरच्या पार्लरवाल्यांनी बोलावलं होतं मला. वेगळी खुर्ची देते म्हणाल्या. मी नाही म्हटलं. खुर्ची हवीय मला. पण आमच्या घरातली. खाली जाणारी का असेना."

आता खरं सांगते, समोरचीचं नाव निघालं आणि माझे दात आपोआप दोऱ्याकडे गेले. इतक्या वर्षांची सवय, ऐकायचं म्हटलं की दातांना दोरा लागतो. दोरा ओठांना टेकणार, तेवढ्यात चष्मेवालीचं पेन वर उचललेलं दिसलं. दात नुसतेच मिटले. करकचून. दाढ दुखली.

मी म्हटलं, "हं."

एक कमी वाटला म्हणून पुन्हा म्हटलं, "हं."

डावी भुवईही झाली. सुनेच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भुवया करताना येतंच ते, ओठांपेक्षा तिथे जास्त झोंबतं.

चष्मेवाली म्हणाली, "बाई, तुमची ग्राहक एवढं बोलली, तुम्ही काहीच उत्तर दिलं नाहीत?"

मी म्हटलं, "तिने प्रश्न कुठे विचारला होता?"

चष्मेवालीने माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होती.

बसमधे सून खिडकीशी. मी म्हटलं, "नाटक बरं केलंस."

"हो आई."

"सगळं रचलेलंच ना?"

ती म्हणाली, "भुवई जरा हुळहुळतेय."

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी झोप लागली नाही. तशीच पडून होते, डोळे मिटून. एक डोळा जरासा उघडला. सून पुढच्या खोलीत, त्या खाली जाणाऱ्या खुर्चीवर, एक पाय स्टुलावर. मानेत दोरा. मान मागे, मान पुढे. माझ्यासारखीच कोंबडी. पाय काचेसारखा गुळगुळीत, एक केस नाही त्यावर, तरी आपली चालवतेय.

पीळ बरोबर घेते. फास मात्र जरा लांब ठेवते, त्याने ताण सुटतो. सांगायला तोंड उघडलं होतं. पण झोपलेलं माणूस बोलणार कसं? मिटलं. तोंडही आणि डोळाही.

नाटकच होतं म्हणायचं तर मग हे काय?

२४ एप्रिल, गुरुवार

लायसन आलं. शिक्का आहे, फोटो आहे, फोटोत मी रागावल्यासारखी दिसते पण मी खरंच रागावले होते, फोटोवाला हसा म्हणत होता. लेखीत काठावर. कामात चांगले गुण. आणि "ग्राहकाचं ऐकून घेणे" याला पैकीच्या पैकी. ह्यांना वाचून दाखवलं. यंत्र कानातच होतं की काय कोण जाणे, हे एवढे हसले की ठसका लागला. त्यात हसण्यासारखं काय होतं?

आरशाशेजारी खिळा मारून लावलं. मास्तरीणबाई बघायला आल्या, बँकवाली आली, ती रडलेली मुलगीही आईला घेऊन आली, मेकअप परत इकडे. लायसनचा प्रताप. शिक्का दिसला की माणसांचा विश्वास बसतो. समोरचीलाही मिळालंय, तिची चौकट मोठी आहे. असू दे. नाकापेक्षा मोती जड.

खुर्ची दुरुस्त करणाऱ्यालाही बोलावलं होतं. आतला पंप बदलला. घरातल्या वस्तू कधीतरी दुरुस्त कराव्याच लागतात, त्यात विशेष काही नाही. सून उगीच त्या खुर्चीभोवती दोनदा फिरून गेली.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी सुनेला म्हटलं, पुढच्या परीक्षेचा अर्ज आण.

"कुणाचा, आई? तुमचं तर झालं."

"माझा कशाला? दुसऱ्या खुर्चीला लायसन लागत नाही वाटतं?"

ती तशीच उभी. हातात केर भरलेलं सुपडं.

"उभी काय? मॉडेल मी होते. धर दोरा. आणि फास आखूड कर, लांब ठेवतेस."

"तुम्हाला कसं कळलं लांब ठेवते?"

"मला सगळं कळतं," म्हटलं आणि त्या दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. खाली गेली नाही. आरशात मी दिसत होते, मागे ती, मानेत दोरा.

मग म्हटलं, "नुसते हात नको चालवूस. नव्या पद्धतीत तोंड मोकळं असतं. त्या दिवशी परीक्षेत अर्ध्यावर थांबली होतीस, ते पुढचं सांग."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हात लांब केला, बरणीतून एक गोळी काढली आणि गालात टाकली. घसा तसा ठीकच होता.

तेव्हा ती बोलायला लागली. आधी हळू, मग भराभरा. काचेच्या दाराचं, मास्तरणीला कोपऱ्यापर्यंत काय सांगितलं त्याचं, लग्न होऊन आली तेव्हाचं, तिच्या आईचं, माझ्या मुलाच्या न येणाऱ्या फोनचं. मधे मधे मला पुष्कळ सुचलं. उजवी भुवई होईतो गोळी विरघळली आणि तिचं अजून संपलं नव्हतं.

डोळे मिटलेलेच ठेवून मी बरणीत चाचपलं आणि दुसरी काढली.